कॅबिनेट विस्तार

आमच्या घरातल्या कॅबिनेटचा विस्तार दोन वर्षं रखडला होता. मंत्रिमंडळाचा रखडतो त्याच कारणांनी. आत जागा नव्हती, बाहेर इच्छुक ताटकळत होते, आणि खर्चाचा विषय निघाला की वित्त खातं, म्हणजे बायको, हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची.

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. त्याला चॅसी असंही भारदस्त नाव आहे, पण लॅमिंग्टन रोडवर चॅसी मागितली तर ट्रकच्या गॅरेजचा पत्ता सांगतील. डोंबिवलीच्या आमच्या घरात चपलांच्या कपाटावर असा एक डबा नऊ वर्षं अहोरात्र घुमतोय. घरातल्या सगळ्या मोबाइलचे फोटो, रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंतचे स्कॅन, दरवर्षीच्या आरतीचे व्हिडिओ (ज्यात दरवर्षी मी टाळ चुकवतो), सगळं त्यात येऊन पडतं. जुन्या घराला माळा होता, फ्लॅटला नाही. त्याची ही भरपाई.

डबा मुळात दोन डिस्कसाठी केलेला. तिसरी मी सीडीच्या कप्प्यात कोंबली. चौथी तळाला, थर्माकोलच्या तुकड्यावर, लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी आडवी पडली होती. मे महिन्यात तिचं तापमान 54 अंशांवर गेलं. कंपनी म्हणते 60 पर्यंत हरकत नाही. पण सकाळी आठच्या लोकलबद्दलही कुणीतरी असंच कागदावर ठरवलं असणार.

शिवाय आणखी दोन डिस्क घ्यायच्या होत्या. 1988 साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक लेख लिहिला होता. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जुंपा, असं त्यांचं म्हणणं. त्या पद्धतीच्या नावातच ‘स्वस्त’ असा शब्द होता. पुढे तो गळला आणि त्या जागी ‘स्वतंत्र’ आला. का गळला असेल, ते दोन डिस्कचं बिल बायकोपुढे ठेवताना मला नीट कळलं.

“आहेत त्यातले निम्मे फोटो पुसून टाक,” ती म्हणाली. “एकाच केकचे चौदा आहेत.”

“डिलीट करायचे म्हणजे आधी बघावे लागतील.”

यावर ती गप्प बसली आणि विस्ताराला मंजुरी मिळाली.

नवं कॅबिनेट ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली असं मालडब्यातून आलं. आठ डिस्कची सोय, गुडघ्याच्या वर येणारी उंची. शेजारी रिकाम्या पाट्यांवर बसलेल्या भाजीवाल्यानं खोक्याकडे बघून विचारलं, “फ्रिज काय?” मला हसू आलं, पण तो फार चुकला नव्हता. 1956 साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिचं कपाट फ्रिजहून मोठंच होतं. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची जेमतेम पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो ठेवला की ती भरली. म्हणजे आमच्या केकसाठी तसली चौदा कपाटं लागली असती. हे सगळं मी त्याला कुर्ल्यापासून मुंब्र्यापर्यंत समजावलं. “मग भाजी कुठं ठेवायचे?” एवढंच त्यानं विचारलं.

रविवारी जेवण झाल्यावर, तासाभराचं काम म्हणून, दीड वाजता जुनं कॅबिनेट उघडलं. नऊ वर्षांची धूळ पंख्यावर गोधडीसारखी जमली होती. स्क्रू ठेवायला आईचा निवृत्त झालेला मिसळणाचा डबा घेतला. या कामात खरी मेख स्क्रूंची असते. डिस्कला लागतो तो इंची मापाचा, जाड आट्यांचा. बाकी काही ठिकाणी मिलिमीटरचा, बारीक आट्यांचा. दोघं दिसायला सख्खे भाऊ. चुकीचा स्क्रूही पहिला दीड फेरा गोडीनं आत जातो, मग अडतो, आणि माणूस जोर लावतो. तो जोर लावला की आटे गेले. म्हणून जाड आटे मोहरीच्या वाटीत, बारीक जिऱ्याच्या, कुठले ते न कळणारे मेथीच्या. डिस्कच्या स्क्रूंना अजून हिंगाचा वास येतो.

कुठली डिस्क कुठल्या वायरला होती, याची चिठ्ठी मात्र मी लिहिली नाही. गरजच नव्हती. या साठवणीचा सगळा कारभार झेडएफएस नावाच्या व्यवस्थेकडे आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या इंजिनिअरांनी ती बांधली आणि 2005 मध्ये तिचा कोड सगळ्यांना खुला झाला. ती प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहून ठेवते: गोतावळा कुठला, जोडीला कोण. तेही चार वेळा, दोनदा डिस्कच्या सुरुवातीला आणि दोनदा शेवटी. आमच्या आईच्या लग्नातल्या भांड्यांवर नावं घातली आहेत तसंच. त्यातलं एक पातेलं तीन बारशी आणि एक मुंज फिरून सहा वर्षांनी परत आलं, कारण काठावर मामाचं नाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’ होतं. डिस्क कुठल्याही खणात बसवा, कुठलीही वायर लावा, चालू झाल्या की त्या आपापली जोडी शोधतात.

तीन वाजता मी वायरींच्या जंजाळात कोपरापर्यंत होतो. तेवढ्यात आतून आईची हाक आली.

“अरे, तुझ्या बाबांचा आवाज येईना.”

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. ते रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरून नाट्यसंगीत टेप करायचे. त्या कॅसेट मी कधीतरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या आणि आईला टॅबलेटवर लावायला शिकवलं होतं. ती ऐकत असेल असं वाटलं नव्हतं. कारण रेकॉर्डिंग भयंकर आहे. पद ऐन रंगात आलं की मागे कुकर शिट्टी देतो आणि बाबा म्हणतात, “अगं, तिसरी झाली, गॅस बंद कर.”

“रोज ऐकतेस?”

“तीन वाजता. चहा होईपर्यंत.”

“पण गाणं नीट ऐकू कुठे येतं त्यात?”

“गाणं काय, रेडिओवरही लागतं,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर माझे हात जरा जपून चालले. साडेचारला बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर ओळी पळाल्या आणि शेवटी आलं, डिग्रेडेड. चारांपैकी तीनच हजर. बाजूचा पत्रा लावताना एका वायरीवर दाब येऊन ती अर्धवट निसटली होती. पण बाकीचा कारभार सुरू झाला होता. गैरहजर डिस्कच्या जोडीदारानं तिच्या वाटचं काम बोभाटा न करता उचललं होतं आणि आतून कुकरची शिट्टी ऐकूही आली. वायर पुन्हा दाबून बसवली. आजारपणाहून आलेली पोरं बाकावरच्या शेजाऱ्याची वही घेऊन बुडालेला तेवढाच अभ्यास उतरवतात, तसं तिनं मधल्या वेळात बदललेलं तेवढंच उतरवून घेतलं. दोन मिनिटं लागली.

महिन्यातून एकदा ही मंडळी मनानंच सगळं लिखाण पुन्हा वाचून ताडून बघतात. एखादा कण बदललेला सापडला तर जोडीदाराकडची प्रत बघून तो दुरुस्त करतात. त्यांना गाणं आणि कुकर यांतला फरक कळत नाही. दोन्ही सारख्याच निष्ठेनं जपतात.

नव्या घरात चौथी डिस्क 41 अंशांवर आहे. नव्या जोडीनंही आपली जागा घेतली. दोन खण अजून रिकामे आहेत, पण ते मी वित्त खात्याला सांगितलेलं नाही.

जुनं कॅबिनेट मी भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं होतं. सकाळी बघतो तर ते ओट्याखाली, आत दोन किलो कांदे.

“आई, अगं, त्यात हवा खेळत नाही म्हणून तर मी नवं आणलं.”

“तुझ्या डिस्कना पुरत नसेल,” आई म्हणाली. “कांद्यांना भोकं बक्कळ आहेत. आणि तो पंखा फेकू नकोस, लावून दे.”