गट गेला, सूनबाई सुखरूप

लँकेस्टर, डिसेंबर २०१३

तीर्थरूप आप्पांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या सूनबाई ज्या विद्यापीठात संशोधन करितात ते ज्या नामांकित गटात होते तो गटच बरखास्त झाल्याची खबर दत्त चौकात कोणीतरी आपणांस दिली, आणि तहसील कचेरीतून निवृत्त होऊनही कैफियत मागविण्याचा आपला परिपाठ अबाधित असल्यामुळे मला सविस्तर खुलासा लिहिणे प्राप्त झाले.

हकीकत अशी. १९९४ साली येथील बड्या विद्यापीठांच्या कुलगुरूंनी लंडनच्या हॉटेल रसेलमध्ये बैठका भरवून 'रसेल गट' स्थापिला, तेव्हा आकाराने लहान परंतु संशोधनात स्वतःस तसूभरही उणे न मानणाऱ्या विद्यापीठांनी त्याच वर्षी निराळी चूल मांडली, आणि, विद्वानांची प्रतिभा बारशाच्या प्रसंगी नेमकी आटते म्हणून की काय, नाव ठेविले '१९९४ गट'. पुढे २०१२ साली डरहॅम, एक्सेटर, यॉर्क आणि लंडनचे क्वीन मेरी ही चार मंडळी, जिल्हा परिषदेचा निकाल लागताच सदस्य ज्या लगबगीने बहुमताकडे सरकतात त्याच लगबगीने, रसेल गटात दाखल झाली. बाथ व सेंट अँड्र्यूज यांनी दुसरा आसरा न शोधताच निरोप घेतला. (सेंट अँड्र्यूजचा जन्म १४१३ चा, कालच्या गटाने त्याची अब्रू ती काय वाढवावी?) उरलेल्यांनी गेल्या नोव्हेंबरात दप्तर गुंडाळले.

येथे मात्र सुतकाचे चिन्ह नाही. १९६४ साली स्थापिलेल्या व शहराबाहेर बेलरिग येथे नांदणाऱ्या या विद्यापीठाच्या आवारात बदकांचा अंमल पूर्ववत असून, सूनबाईंनी डब्यातील भाकरीचा तुकडा टाकला की ती प्राध्यापकांनाही वाट देत नाहीत. वऱ्हाडचा कापूस याच लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत कसा पोचला, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. आणि यवतमाळहून मूर्तिजापूरकडे रखडत जाणारी आपली शकुंतला रेल्वे इंग्रज कंपनीने कापसासाठीच घातली हे ऐकून त्यांचे मार्गदर्शक इतके हरखले की तीत बसण्यासाठी भारतात येईन म्हणतात. तिचा वेग मी अद्याप सांगितलेला नाही.

सबब, दत्त चौकात निक्षून सांगावे की पदवीवर शिक्का विद्यापीठाचा असतो, गटाचा नव्हे. आणखी एक काम: जिनिंगच्या जुन्या वह्या कोणाच्या माळ्यावर पडल्या असल्यास रद्दीवाल्याच्या आधी आपण गाठाव्यात. ती. आई कुरकुर करील. संशोधनाचे नाव पुढे करावे.

कळावे.

आपला आज्ञाधारक,
बापू