वि. वि. इन्व्हर्टरला पाणी लागत नाही

मुक्काम कराड येथील तीर्थरूप आप्पा व तीर्थरूप आई यांच्या चरणी ह्यूस्टन, टेक्सास येथील कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

'इन्व्हर्टर' हा शब्द कराडात आणि ह्यूस्टनमध्ये एकाच अर्थाने वापरला जात नाही, आणि गेल्या वर्षभरात फोनवर झालेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका शब्दात आहे. महाराष्ट्रात इन्व्हर्टर म्हणजे जिन्याखाली ठेवलेली, लाइट गेली की आपोआप पंखा चालू ठेवणारी आणि अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी बॅटरी व तिच्या डोक्यावरची पेटी. अमेरिकेत 'इन्व्हर्टर जनरेटर' या नावाने विकले जाते ते पेट्रोलवर चालणारे, एका हाताने उचलता येणारे जनित्र असून, त्यातील इन्व्हर्टर हे पोटात दडलेले एक सर्किट असते. त्याला वीज साठवणारी बॅटरी नसते, आणि म्हणूनच 'पाणी किती दिवसांनी घालता?' या आप्पांच्या प्रश्नावर प्रत्येक वेळी शांतता पसरत होती. 'पोरं फोनवर हसतात, नीट लिहून कळवा' अशी आज्ञा झाल्यामुळे, आणि खांबावर चढून उभी हयात काढलेल्या लाइनमनसमोर ढिसाळ लिहिणे शोभणार नाही म्हणून, प्रस्तुत पत्राने ग्रंथाची भाषा धारण केली आहे.

लग्नाच्या मांडवामागे धडधडणाऱ्या साध्या जनित्राची अडचण अशी असते की त्याच्या इंजिनाचा वेग आणि विजेची वारंवारता यांची गाठ पक्की बांधलेली असते. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने असे छोटे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते. अमेरिकेत आवर्तने ६० असल्याने त्याला ३,६०० फेरे घ्यावे लागतात, मग मांडवात शंभर हॅलोजन पेटलेले असोत की एका कोपऱ्यात कोणाचा मोबाइल चार्ज होत असो. इन्व्हर्टर जनित्रात ही गाठ सोडवलेली असते: इंजिन आपल्या सोयीच्या वेगाने जी वीज निर्माण करते ती आधी एकदिश, म्हणजे डीसी केली जाते, आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिच्यातून बरोबर ६० आवर्तनांची नवी, गुळगुळीत लहर घडवते. परिणामी भार कमी असेल तेव्हा इंजिन डुलकी काढल्यासारखे सावकाश फिरते, पेट्रोल वाचते, लॅपटॉपसारखी नाजूक उपकरणे बिघडत नाहीत आणि दोन माणसे यंत्राजवळ उभी राहून न ओरडता भांडू शकतात. या कुटुंबाने घेतलेल्या यंत्राचे वजन सुमारे २१ किलो, म्हणजे स्वयंपाकाच्या भरल्या सिलिंडरपेक्षा बरेच कमी आहे. टाकीत साडेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल मावते, आणि चतुर्थांश भारावर तेवढ्यात सुमारे आठ तास निघतात.

यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत २,२०० वॅट लिहिलेले असते आणि लहान अक्षरांत १,८००, आणि या दोन आकड्यांमधील दरीत अनेक संसार अडखळलेले आहेत. मोठा आकडा यंत्र क्षणभर देऊ शकते, लहान आकडा ते तासन्‌तास देऊ शकते. हा भेद ठेवण्याचे कारण असे की मोटर असलेले प्रत्येक उपकरण सुरू होताना चालण्याच्या कित्येक पट वीज ओढते. फ्रीज एरवी दीडदोनशे वॅटवर समाधानी असतो, परंतु त्याचा कॉम्प्रेसर उठताना घरजावयासारखा मान मागतो. कॅम्परच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यावयाच्या चाकांवरील बिऱ्हाडाच्या, छतावर जो एसी असतो, तो अशा एकट्या जनित्राला बहुधा झेपत नाही. त्यासाठी एक तर एसीला हळू उठायला लावणारे उपकरण बसवावे लागते, किंवा एकाच जातीची दोन जनित्रे खास वायरींनी जोडून त्यांना बैलजोडीसारखे एका जुवाखाली जुंपावे लागते.

प्रस्तुत कुटुंबाच्या अभ्यासात मात्र सर्वाधिक अडचण एसीने नव्हे तर आईंनी बॅगेतून दिलेल्या मिक्सरने निर्माण केली. हा मिक्सर ७५० वॅटचा व २३० व्होल्टचा, अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची. त्यामुळे मध्ये व्होल्टेज दुप्पट करणारे एक छोटे पण विटेपेक्षा जड रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लागते. मिक्सरची मोटर कार्बन ब्रशची असल्याने आवर्तने पन्नासची साठ झाली तरी तिला त्याचे सोयरसुतक नसते. डुलकी काढणाऱ्या जनित्रावर मिक्सर एकदम तिसऱ्या आकड्यावर फिरवला असता इंजिनाला उचकी लागते, लाल दिवा लागतो आणि चटणीतील खोबरे अर्धे राहते. तोच मिक्सर इकॉनॉमीचे बटण बंद करून, इंजिनाला पुरते जागे करून, पहिल्या आकड्यावरून चढवला तर काम होते. कंपनीच्या पुस्तिकेत हे सापडत नाही, कारण पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या घरी ओल्या खोबऱ्याची चटणी होत नसावी.

कॅम्पर घेऊन प्रवासाला निघण्यापूर्वीच्या चाचणीत जनित्र सुरू, पण कॅम्पर अंधारात, अशी स्थिती दोन तास राहिली. या कोड्याचे उत्तर अखेर कराडहून आले, हे येथे कृतज्ञतापूर्वक नोंदवले पाहिजे. आप्पांनी फोनवर 'न्यूट्रल अर्थला बांधलाय का?' एवढेच विचारले. या प्रकारच्या छोट्या जनित्रांत न्यूट्रल बहुधा अधांतरी असतो, कॅम्परमधील संरक्षक उपकरण त्याला दोष समजून वीज आत घेत नाही, आणि न्यूट्रल व अर्थ एकत्र करणारा अंगठ्याएवढा एक प्लग जनित्राच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचला की तंटा मिटतो. त्या दिवसापासून घरातील दोन इंजिनीअर पदव्यांचा उल्लेख जेवणाच्या टेबलावर होत नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत जनित्र चालवण्याच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात, आणि हा भाग महाराष्ट्रीय वाचकाच्या विशेष परिचयाचा वाटेल. कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढीच मुभा असते. टेक्सासच्या बिग बेंड उद्यानात, जेथे रात्रीचे आकाश काळेभोर राखण्याला फार महत्त्व दिले जाते, रिओ ग्रांदे नदीकाठच्या एका तळावर सकाळी ८ ते रात्री ८ अशी. भारनियमनाच्या काळात वर्तमानपत्रातून कापून फ्रीजवर चिकटवलेले वेळापत्रक लाइट कधी जाणार हे सांगत असे. उद्यानांचे वेळापत्रक ती कधी येऊ शकते हे सांगते, आणि त्यासाठी माणसे पैसे भरून, रजा काढून, नऊ-दहा तास गाडी चालवत येतात. नदीकाठच्या त्या तळावर रात्री पावणेआठला मोबाइल, टॉर्च, मिक्सर आणि कॅम्परची बॅटरी यांची जी धांदल उडाली तिला तोड फक्त कराडच्या माजघरातच सापडेल. चटणी आठला तीन मिनिटे कमी असताना झाली. मीठ घालायचे राहिले होते, ते हाताने कालवले.

घरासाठी राखीव वीज हा विषय कमी विनोदी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासची स्वतंत्र वीजव्यवस्था कोलमडण्याच्या बेतात आली होती, आणि ८ जुलै २०२४ रोजी आलेल्या बेरिल चक्रीवादळाने ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली. प्रस्तुत कुटुंबाकडे ती पाच दिवस नव्हती. या काळात २१ किलोच्या यंत्राने फ्रीज, इंटरनेट आणि खिडकीत बसवलेला एक छोटा एसी पाळीपाळीने सांभाळला. पाच माणसे एका खोलीत ओळीने झोपली, आणि फ्रीजरमधील पुरणपोळ्या व हापूसचा रस बचावला. स्वयंपाकाची शेगडी २४० व्होल्टची असल्याने ती मात्र या यंत्राला दाखवण्यातही अर्थ नव्हता. भात कॅम्परच्या गॅसवर शिजला.

दोन बाबतींत थट्टा चालत नाही. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये माणसे याच वायूने घरातल्या घरात दगावली. म्हणून यंत्र गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, चालवायचे नसते. ते दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, धूर घरापासून उलट दिशेला सोडत, उघड्यावरच ठेवावे लागते. दुसरी बाब आप्पांना सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे. काही बहाद्दर दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून जनित्राची वीज थेट भिंतीतल्या सॉकेटमधून घरात घुसवतात. ती वीज उलटी रस्त्यावरच्या रोहित्रापर्यंत जाते, तेथे हजारो व्होल्टची होते, आणि 'लाइन बंद आहे' या भरवशावर खांबावर चढलेल्या माणसाची वाट पाहते. या कुटुंबाच्या घरी चेंजओव्हर स्विच बसवून घेतला आहे; तो नसताना वापरलेल्या वायरी सरळ जनित्रापासून फ्रीजपर्यंत जात होत्या, याची आप्पांनी खात्री बाळगावी.

उरला प्रश्न देखभालीचा. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले तर शिळे होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते आणि ऐन वादळात दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. यावर उपाय म्हणजे टाकी रिकामी करून ठेवणे, नाही तर महिन्यातून एकदा यंत्र थोडा वेळ भारासह चालवणे. 'महिन्यातून एकदा' हे कोणाच्याच लक्षात राहीना, तेव्हा आईंच्या सूचनेवरून संकष्टी ठरवण्यात आली. आता दर संकष्टीला संध्याकाळी जनित्र परसात येते, तेल तपासले जाते, त्यावर फ्रीज व मिक्सर चालतो आणि शेंगदाण्याचे कूट होते. कुंपणापलीकडच्या अमेरिकन आजींना चंद्रोदयाची वेळ ठाऊक नाही, परंतु जनित्राचा आवाज थांबला की त्या खिचडीसाठी रिकामा डबा घेऊन फाटकाशी येतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. खंडेनवमीला यंत्राची पूजा केली होती. झेंडूचा हार फोटोपुरताच होता. सुरू करण्यापूर्वी तो काढला, कारण हवा आत घेण्याची जाळी नेमकी त्याच्याच मागे येते.