सगळ्यांना बसणारा बुश

जुन्या जीपच्या सुट्या भागांच्या पुडीवर एक वाक्य हमखास छापलेलं असतं : ‘सर्व मॉडेलना फिट’. ज्याने ते पहिल्यांदा छापलं त्याला कथालेखनाचा एखादा पुरस्कार द्यायला हरकत नाही. इतक्या कमी शब्दांत इतकं काल्पनिक मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. पुडी फोडली की बॉनेटच्या बिजागरीत बसवायचे नायलॉनचे चार बुश निघतात. दोन पिनवर चढत नाहीत, दोन चढतात आणि गरगर फिरतात. दुकानदार म्हणतो, “बसून जाईन ना भो, जरासा ठोक.”

जळगावजवळच्या असोदा-भादलीच्या पट्ट्यात शेतावर जाणाऱ्या जुन्या जीप अजून दिसतात. काळी-पिवळी म्हणून निम्मं आयुष्य माणसं कोंबण्यात गेलं, आता खताच्या गोण्या आणि वांग्याची क्रेट. या गाड्या ओळखायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. इंजिनच्या आवाजावर एक वेगळा खड-खड-खड ठेका येतो, तो बॉनेटचा. बिजागरीतला बुश कधीच झिजून गेलेला असतो. मालकाला विचारलं तर तो सांगेल, परवाच नवा टाकला. तेही खरंच असतं!

अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या मूळ जीपला बॉनेटच्या मागच्या कडेला सलग लांब पट्टीची बिजागरी असायची. पण मूळ पत्रा आता राहिलाय किती जणांकडे? कुणी गावातच नवा ठोकून घेतला, कुणी हरियाणातल्या मंडी डबवालीहून आख्खी बॉडी आणवली. अशा बॉनेटला पुष्कळदा दोन स्वतंत्र बिजागऱ्या असतात. बिजागरीला कान, कानात बुश, बुशात पिन. तीन वस्तू, तिघींची मापं वेगळ्या माणसांनी काढलेली, आणि ती तीन माणसं आयुष्यात एकमेकांना भेटलेली नाहीत.

त्यात भाषेचाही घोळ आहे, मापाच्या भाषेचा. जीप इंचात जन्मली. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली तेव्हा सगळा देशच इंचात होता. पुढे 1956 च्या कायद्याने आपण मेट्रिक झालो. जीपला कुणी कळवलं नाही. आजही गॅरेजमधला जुना मिस्तरी पिन हातात घेऊन ‘तीन सूत’ म्हणतो, म्हणजे 3/8 इंच, म्हणजे 9.525 मिलिमीटर. पुडीतल्या बुशाचं भोक 10 चं. जवळजवळ अर्धा मिलिमीटर प्ले नव्या कोऱ्या मालातच! अडीच सुताची पिन मात्र 7.94 ची, ती 8 च्या बुशात झकास बसते. त्या एका योगायोगावर दुकानदाराने ‘सगळंच बसतं’ हा सिद्धांत उभा केलाय.

गंमत अशी की हे सगळं जळगावात चालतं. ज्या जिल्ह्यात ठिबकच्या 12 आणि 16 मिलिमीटरच्या नळ्यांवर केळीच्या बागाच्या बागा उभ्या राहिल्या, जिथे ग्रोमेट थेंबभर गळला तरी शेतकरी डीलरच्या दारात जाऊन उभा राहतो, तोच शेतकरी बॉनेटच्या बुशाला मात्र ‘चालते भो’ म्हणतो. एवढंच नव्हे, बुश मिळाला नाही तर त्याच ठिबकच्या नळीचा बोटभर तुकडा कापून कानात घालतो. तो बसतोही. मऊ माल आहे, बॉनेटच्या वजनाखाली पंधरा-वीस दिवसांत चपटा होतो, मग पुन्हा तुकडा. नळी संपायची नाही, शेतात मुबलक आहे.

ठोकणं हा आपला दुसरा राष्ट्रीय उपाय. असोद्याच्या वांग्याचं भरीत बडगीत ठेचून होतं. बुश ठेचून होत नाही. हातोडीचा पहिला घाव बसला की नायलॉनची कड फुलते, दुसऱ्याला ती तिरकी आत जाते, तिसऱ्याला कान वाकतो. मग कान सरळ करायला गॅस वेल्डिंगवाला. त्याच्या उष्णतेत बुश वितळतो. मग नवी पुडी. या चक्रावर खान्देशातली किती गॅरेजं जगतात हे मोजायचं काम एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने घ्यावं.

बुश दाबून बसवायचा असतो. वाइसमध्ये धरून सावकाश, किंवा एक लांब बोल्ट, दोन मोठे वॉशर आणि नट घेऊन, पाना फिरवत ओढून घ्यायचा. पण त्याआधी कानात बोट घालून बघावं. नवीन बॉडी रंगवताना रंगाऱ्याने भोकाच्या आतही प्रेमाने दोन हात मारलेले असतात. पावडर कोटिंग असेल तर तोच थर बुश अडवतो. तो पॉलिश पेपरने काढला की ‘न बसणारे’ निम्मे बुश बसतात. दुकानदाराला घातलेल्या शिव्या तेवढ्या परत घ्याव्या लागतात, पण त्या तशाही त्याला लागत नाहीत.

आता खरी खोच. बुश हातात असताना पिन त्यात सुळकन जाते. कानात दाबल्यावर जात नाही. मालक हैराण, मिस्तरी म्हणतो माल खराब. माल खराब नसतो. बाहेरून दाब आला की बुश आतल्या अंगाला आवळतो आणि भोक लहान होतं. म्हणून भोकाचं शेवटचं माप बुश बसवल्यानंतर काढायचं, आणि रीमर फिरवायचा तोही त्यानंतरच. आपल्याकडे उलटं होतं : आधी हातात धरून गोल कानस मारतात, मग दाबतात, मग पिन जात नाही म्हणून पिनच घासतात. पिन एकदा घासली की संपलं. आता त्या मापाचा बुश त्रिभुवनात नाही.

बरं, मुळात पिन तरी धड आहे का? पिन मधोमध झिजते, टोकाला शाबूत राहते. टोकाला 9.5 आणि मध्ये 9.1 भरली तर जगातला कुठलाही बुश तिचं काही भलं करू शकत नाही. पण पिन लोखंडाची, दिसायला चकचकीत, म्हणून कुणी तिच्यावर संशय घेत नाही. दर वेळी बदली होते ती बिचाऱ्या नायलॉनची. आपल्याकडे बदल्या नेहमी खालच्याच माणसाच्या होतात.

नायलॉनचीही एक खोड आहे. तो दमट हवेत ओल पितो आणि फुगतो. मे महिन्यात 45 डिग्रीला घट्ट बसवलेला बुश श्रावणात पिन अशी पकडतो की बॉनेट उघडायला दोन माणसं लागतात. त्यापेक्षा लेथवाल्याकडे जावं, डेल्रिनचा किंवा गनमेटलचा रॉड द्यावा, पिन त्याच्या हातात ठेवावी आणि म्हणावं, हिच्या मापाचा कर. टर्नर माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी रोज बोलतो. पण तिथे आपली घासाघीस सुरू होते. पुण्या-मुंबईचे हौशी तर याहून पुढचे. जुनी जीप घ्यायची, रंगावर लाख ओतायचे, बॉनेटच्या आकड्यांना क्रोम चढवायचं, आणि लेथवाल्याने दोनशे सांगितले की ‘एवढ्याशा बुशाचे?’ म्हणून विचारायचं. आणलेली पुडी ऐंशीची, तीही चारदा आणलेली.

या जीपच्या इतिहासात बदली भाग मापात बसल्याचं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. कंपनी 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झाली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये मोहम्मदांच्या जागी दुसरा महिंद्रा लागला. ‘एम अँड एम’ जशीच्या तशी. ना रीमर, ना शिम, ना हातोडी. त्याच वर्षी सरकारने लष्करासाठी परदेशातून जुन्या जीप मागवल्या, त्या व्यवहाराला आजही ‘जीप घोटाळा’ म्हणतात. तेव्हापासून पुढचं सगळं पुडीतल्या बुशासारखंच चाललंय.

अमेरिकेतल्या विलीजवाल्यांना 1953 मध्ये उंच इंजिन बसवायचं होतं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना. त्यांनी बॉनेट उंच केलं. तीच ती उंच नाकाची जीप, जी पुढे अमेरिकेने बंद केल्यावरही आपण कित्येक वर्षं बनवत राहिलो. त्यांना कुणी ‘इंजिन जरासं ठोक’ म्हणून सुचवलं नाही, हे त्यांचं नशीब.

आता पुन्हा बिजागरीकडे. दोन्ही बुश मापात बसले तरी बॉनेट पिळलं जाऊ शकतं, कारण दोन बिजागऱ्या एका रेषेत नसतात. बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले करायचे, दोन्ही कानांतून एक सरळ लांब सळई घालायची, ती हाताने फिरली पाहिजे, मग बोल्ट आवळायचे. हे केलं नाही तर नवा बुश एकाच बाजूने झिजतो आणि महिन्याभरात जुना होतो. नायलॉनला ग्रीस चोपडू नये. आपली काळी माती त्यात मिसळली की तिचाच पॉलिश पेपर होतो.

खडखडाट सहन होतो हो, खान्देशी कान आहेत. पण बिजागरी ढिली पडली की बॉनेट मागे सरकतं आणि पुढच्या कडांचे आकडे पुरत नाहीत. मग सुतळी येते. सुतळी बांधलेलं बॉनेट घेऊन भुसावळच्या हायवेवर साठ-सत्तरने जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की जीपचं बॉनेट मागे पडतं ते थेट काचेवर, आणि काचेमागे तुम्ही असता.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाताना जुनी पिन खिशात आणि व्हर्निअर हातात घेऊन जा. पुडी फोडून तिथेच मोजा. दुकानदार हसेल, हसू द्या. गाडी त्याला चालवायची नाही.