एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

भालकी-आळंदच्या पट्ट्यात म्हाताऱ्या मिस्त्रींची एक जात अजून टिकून आहे. हे मिस्त्री हिशेब उर्दूत करतात, पोराला कन्नडमध्ये झापतात आणि विठ्ठलाशी मराठीत बोलतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे इंजिनातले सिलिंडर पेटायचा क्रम, मात्र तिन्ही भाषांत पाठ. नातवाला हाक मारताना आधी चार नावं चुकतात, पण १९३२ची फोर्ड व्ही-एट काढा: २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, एक-पाच-चार-आठ-सहा-तीन-सात-दोन! लगेच १९५५च्या शेवरोलेट व्ही-एटची उणीदुणी सुरू. "पाच न् सात शेजारी, अन् लागोपाठ पेटत्यात. ही काय रीत झाली?" फोर्डमध्येही दोन आणि एक शेजारीच लागोपाठ पेटतात, पण ते काढायचं नसतं. फोर्ड घरची.

प्लायमथ तर सोयरीच. तिची जुळणी कुर्ल्याला प्रीमियरमध्ये व्हायची, प्रीमियर वालचंद हिराचंदांची, वालचंद सोलापूरचे, आणि सोलापूरला मिस्त्रींची बहीण दिलेली. झालं नातं!

आता दारात येतात त्या छोट्या गाड्या. त्यांना ना डिस्ट्रिब्युटर, ना कॅपमधून निघणाऱ्या वायरी. गाडी मिसिंग करत असली तर पोरगं स्कॅनर जोडतं आणि मिस्त्री विडी शोधायला उठतात. पण डोक्यातली विद्या अशी कुजवायची कशी? मग ती लग्नाच्या पंगतीत बाहेर येते.

सहा पाहुणे, हुग्गीची एक बादली. मिस्त्री वाढप्याला बजावतात, "ओंदु, ऐदु, मूरु, आरु, एरडु, नाल्कु. शेजारच्या दोघांना लागोपाठ वाढायचं नाही. एका टोकाला भार आला की क्रँक थरथरतो." प्लायमथच्या सहा सिलिंडरांचा हाच क्रम, त्यात खरोखरच शेजारी शेजाऱ्यामागून पेटत नाही. वाढपी बिचारा बादली घेऊन पंगतभर उड्या मारतो.

परवा चौथ्या पाटावर व्याही होते. पाच जणांचे द्रोण भरेस्तोवर त्यांनी कळ काढली आणि मग विचारलं, "मिस्त्री, इंजन गोलच फिरतंय न्हवं? मग चारापासून सुरू केलं तर काय बिघडतंय?"

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. चार-एक-पाच-तीन-सहा-दोन. कुठंच चूक निघेना. दुसऱ्या फेरीला बादली थेट चौथ्या पाटावर गेली.

शेवटचा नंबर आता दोनचा. तिथं नवरीचा मामा बसला होता.