फॉरमॅटवाले नाना

"चालू व्हायला किती वेळ घेतो?"

दारात पाऊल टाकल्या टाकल्या नानांचा पहिला प्रश्न. चपला अजून पायातच. "होतो चार-पाच मिनिटांत," असं मी मोघम म्हणालो, तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "लाव." मी बटण दाबलं. वैद्यानं नाडी धरावी तसा नानांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि मान तिरपी करून ऐकत राहिले. कर्र, कट्, कर्र. सहा मिनिटं दहा सेकंदांनी पडद्यावर मुलीचा बारशाचा फोटो उमटला. त्यानंतर दीड मिनिट ते निळं चक्र फिरत होतं. तेही नानांनी वेळेत धरलं.

"प्रोसेसर धडधाकट आहे रे तुझा. हार्डडिस्क थकली. एसएसडी टाकू, फॉरमॅट मारू."

वास्तविक मी त्यांना प्रिंटर का छापत नाही ते बघायला बोलावलं होतं. पण नानांना कशासाठीही बोलवा, शेवट फॉरमॅट मारण्यावरच होतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह एकाच माणसाला कळतो, आणि कॉम्प्युटर एकट्या नानांना. दोघांचंही म्हणणं असतं की मूळ दोष तुम्हाला दिसतोय तिथे नाहीच.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये काढलेली. तुम्ही घरी बसून डायल फिरवलीत की तिकडे एक दांडा तितकी घरं वर चढायचा, मग आडवा वळायचा आणि नेमक्या टोकाला जाऊन टेकायचा. असे शेकडो दांडे एका खोलीत दिवसभर खटखटत असत. त्या गदारोळात कुठला सिलेक्टर उद्या दगा देणार हे नानांना कानानं कळायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं आणि खोली गप्प झाली. तेव्हा त्यांचे सहकारी हळहळले, नाना मात्र नव्या यंत्राच्या प्रेमात पडले. ते प्रेम अजून उतरलेलं नाही, फक्त त्याचं आता एसएसडी झालंय.

"हार्डडिस्क म्हणजे स्ट्रोजर," ते मला चहा पिता पिता सांगत होते. "तबकडी मिनिटाला 7200 फेऱ्या मारते. ऐकायला मोठं वाटतं. पण प्रत्येक फाइलसाठी तो काटा सरकत सरकत जागेवर जाणार, मग तबकडी फिरून खाली यायची वाट बघणार. सेकंदाचा शंभरावा भाग जातो म्हण. एका फाइलला चालेल. विंडोज उठताना हजारो बारक्या फायली गोळा करतं, त्याचं काय? एसएसडीत हलणारं काही नाहीच. नुसत्या चिपा."

"म्हणजे बिघडायचा प्रश्न नाही."

"बिघडते की! पण सांगून जात नाही. हार्डडिस्क बहुतेक वेळा आधी महिनाभर कण्हते, आपल्याला मुलंबाळं बोलावून घेता येतात. ही रात्री जेवून झोपते आणि सकाळी उठतच नाही. म्हणून बॅकअप. साखर टाकायला विसरलात का वहिनी?"

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या रिकाम्या लोकलनं नाना दादरला गेले, तिथून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटरवाले आणि नाना ते फक्त बिलावर वाचतात. ऑनलाइन मागवता आली असती. नानांना ते पटत नाही. दुकानदाराशी वॉरंटीवर तासभर वाद घातला नाही तर वस्तूला आपलेपणा येत नाही, असं त्यांचं मत. संध्याकाळी 500 जीबीची एसएसडी घेऊन आले. आकारानं पत्त्याच्या कॅटापेक्षाही पातळ, हातात घेतली तर आत काही आहे की नाही असं वाटावं. बायकोनं तर खोका रिकामा लागला म्हणून तोंडावर हात ठेवला.

इथे एक वाद झाला. माझ्या भाच्याचं म्हणणं होतं की जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवून घ्या, त्याला क्लोन म्हणतात, कशालाही धक्का लागत नाही. मी हे नानांना सांगितलं आणि लगेच पस्तावलो.

"क्लोन?" नानांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुमच्या समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालं ना? नव्या घरात जाताना जोश्यांनी जुनं ट्रॉलीचं कपाट टेम्पोत घालून नेलं. काय झालं? झुरळं आली ना बरोबर? अरे, सात वर्षांत तू त्या विंडोजमध्ये काय काय टाकलंयस तुला तरी आठवतं का? कुंडलीचं सॉफ्टवेअर आहे. दोन अँटिव्हायरस आहेत, ते एकमेकांनाच चोर समजतात. हे सगळं नव्या जागेत न्यायचं?"

क्लोन चांगलं चालतं, हे मला नंतर कळलं. ज्यांना सगळं होतं तसंच हवं असतं त्यांनी तेच करावं. पण नानांपुढे मी ते बोललो नाही, आणि तुम्हीही बोलू नका.

"डेटा कुठे ठेवतोस?"

"सगळा डेस्कटॉपवर."

नानांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या आयुष्यातलं हे मोठं दुःख आहे. माणसं सी ड्राइव्हला घाबरतात, डी ड्राइव्हवर श्रद्धा ठेवतात, आणि रोजचं सगळं डेस्कटॉपवर टाकतात. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हच्याच पोटातला एक फोल्डर आहे ही गोष्ट त्यांना फॉरमॅट मारल्यावर कळते. वरच्या मजल्यावरच्या एका क्लासवाल्यांनी "डी ला हात लावू नका, बाकी काही महत्त्वाचं नाही" असं छातीठोक सांगितलं होतं. वर्षभराच्या प्रश्नपत्रिका डेस्कटॉपवर होत्या. तेव्हापासून नाना तोंडी उत्तर मानत नाहीत. स्वतः बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवतात, आणि मालकाला समोर बसवून त्यातल्या चार फायली उघडून दाखवायला लावतात.

मग आलं मुख्य काम. किल्ल्यांच्या जुडग्यातून नानांनी पेनड्राइव्ह सोडवला. त्यात विंडोज 11 भरलेलं. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, त्या दिवसापासून नानांचा धंदा (बिनपैशांचा) तेजीत आहे. 11 ला टीपीएम नावाचं काहीतरी लागतं. माझ्या मशीनमध्ये ते होतं, फक्त बायॉसमध्ये बंद होतं. नानांनी डिलीटची कळ सुतारपक्ष्यासारखी टकटकवून आत शिरून ते जागं केलं. आणि त्याआधी त्यांनी जुन्या हार्डडिस्कची वायर उपटून टाकली.

"ती कशाला काढायची? राहू दे की आत, फोटोबिटो ठेवायला."

"नंतर लाव. आत्ता नाही." मग जरा वेळानं, आवाज खाली आणून: "एकदा माझ्या हातून राहिली होती."

घडलं ते असं. पहिल्यावहिल्या एसएसडीच्या वेळी नानांनी दोन्ही डिस्का जोडलेल्या ठेवून विंडोज नवीवर टाकलं. मशीन भुर्रकन चालू. पेढे वाटून झाले. महिन्यानं मालकानं जुनी डिस्क काढून टाकली, तर पडदा काळा. विंडोज नव्या डिस्कवर होतं, पण ते उठवणारा छोटासा भाग इन्स्टॉलरनं आधीपासून असलेल्या जुन्या डिस्कवरच ठेवून दिला होता. "नवं घर बांधलं आणि किल्ली पाडलेल्या घराच्या कोनाड्यात राहिली," नाना म्हणाले. अजूनही हे सांगताना ते इकडेतिकडे बघतात.

इन्स्टॉलरनं प्रॉडक्ट की मागितली. माझ्याकडे नव्हती, मी हवालदिल. नानांनी "माझ्याकडे नाही" यावर टिचकी मारली. "तुझं लायसन्स मदरबोर्डला ठाऊक आहे. नेट लागलं की आपोआप ओळख पटते." पुढच्या पडद्यावर नवी डिस्क रिकाम्या भूखंडासारखी दिसत होती. 465 जीबी.

"नाना, 35 जीबी कमी दिलं की हो त्यानं!"

"कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1024 नं. फ्लॅट घेताना बिल्टअप आणि कार्पेट एकच होता का तुझा?"

पुढची वीसेक मिनिटं टक्केवारी चढत राहिली. मशीन रीस्टार्ट व्हायच्या क्षणाला नानांनी पेनड्राइव्ह ओढून काढला. राहिला असता तर गडी पुन्हा त्यातूनच उठून पहिल्यापासून सुरुवात करतो. त्यानंतर मात्र गाडी अडकली. विंडोज म्हणे इंटरनेट जोडा. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा. रेशनकार्डाला पत्त्याचा पुरावा आणि पत्त्याच्या पुराव्याला रेशनकार्ड, तशातली गत. नाना गालात हसले. खिशातून केबल काढली, मोबाइल मशीनला जोडला आणि मोबाइलचंच नेट त्याला पाजलं. ती केबल त्यांच्या खिशात कायम असते. लग्नालासुद्धा.

शेवटी "लाव" म्हणाले आणि घड्याळ धरलं. चौदा सेकंद. स्वच्छ निळा पडदा, कोपऱ्यात फक्त रीसायकल बिन, तोही रिकामा. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघितलं. अभ्यंगस्नान घालून पाटावर बसवलेल्या बाळाकडे आजीनं बघावं तसं बघत होते.

"आठ दिवस यावर काही टाकू नकोस," म्हणाले.

"पण मला लिहायचंय."

"लिही. पण काही टाकू नकोस."

खरी गंमत यानंतर. तिसऱ्या दिवशी एक जुना लेख हवा होता म्हणून फाइल उघडली. फाइल होती, बॅकअपमधून बिनचूक आलेली होती, पण आत मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, मधेच उलटा प्रश्न. दहा-बारा वर्षांचं माझं लिखाण कुणीतरी रागानं कीबोर्डवर बुक्क्या मारल्यासारखं दिसत होतं. युनिकोड अंगवळणी पडायच्या आधी आम्ही सगळे ज्या फॉण्टांत लिहायचो त्यांत 'क' हा मुळात 'क' नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षराला 'क' चं चित्र चिकटवलेलं असतं. चित्र काढून घेतलं की उघडं अक्षर उरतं. आणि ते फॉण्ट विंडोजच्या पोटातल्या फोल्डरात होते. डेटा म्हणून कुणी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

जुनी डिस्क? ती नाना घेऊन गेले होते. "विल्हेवाट लावतो," म्हणाले होते.

धडपडत त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला, आणि काही न विचारता आत बोट दाखवलं. "पलंगाखाली."

नाना पलंगाखालून फराळाचे पत्र्याचे डबे ओढत होते. एक, दोन, तीन. झाकणं उघडली तर आत सबंध सोसायटीच्या हार्डडिस्का, पापडासारख्या उभ्या रचलेल्या, प्रत्येक जुन्या रुमालात गुंडाळलेली. झुरळांवरून माझी एवढी कानउघाडणी करणाऱ्या माणसानं कुणाचं एक कपाटसुद्धा टाकून दिलं नव्हतं. "सहा महिने ठेवायच्या असतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. वरच्या चिठ्ठीवर 2016 साल होतं. त्यावर बारीक अक्षरात: 'तिसरा मजला. वडिलांचा आवाज आहे, अजून विचारलं नाही.' दुसरीवर: 'बी विंग. परत मागतील तर आधी बायकोला विचारणे.' क्लासवाल्यांचीही होती.

माझी सगळ्यात पुढे होती. चिठ्ठी ताजी, शाई निळी. 'पहिला मजला. मराठी फॉण्ट आत. येईल.' खाली तारीख फॉरमॅटच्याच दिवसाची.