साडेसहाचे सात

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत मोठ्या निबंधाला मिनिटं साधारण 40, शब्द किमान 250. तेवढ्यात प्रदूषण, वृद्धाश्रम, मोबाइलचं व्यसन, जे पुढ्यात येईल ते निकालात काढायचं. आमची पुण्यातली पोरं काढतातही. सुरुवात 'आजच्या वेगवान जगात', दुसरा परिच्छेद 'मोरओव्हर', तिसरा 'हाउएव्हर'. त्या हाउएव्हरच्या अलीकडे-पलीकडे विरोध औषधालाही सापडत नाही. साडेसहा बँडचे सात व्हावेत म्हणून क्लासवाल्यांनी साचा घोटून घेतलेला. पाठांतरावर परीक्षक भाळत नाहीत, हे सांगणं तेवढं राहून गेलेलं. शब्दसंपत्तीचे गुण वेगळे, म्हणून एकानं वृद्धाश्रमात 'प्लेथोरा ऑफ आजोबा' भरले होते. लाल पेन तिथे जरा थबकलं; खोडवेना.

व्याकरण दुरुस्त करणं सोपं. समासात मी लिहिलं, 'यात तुझं मत कुठे आहे?' पोरगा गोंधळला. ''सर, मताचे मार्क वेगळे असतात का?''

असतात म्हटलं, प्रश्नाला थेट उत्तर देणं हा पहिलाच निकष. दुसऱ्या दिवशी सुधारित निबंध आला. शेवटी नवं वाक्य: माझ्या ठाम मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. खाली कंसात, एकूण शब्द 251.