१४ बाय ९चं आकाश

२८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, संशोधनसंस्थांची दारं उघडतात आणि वर्षभर ताऱ्यांच्या सहवासात रमलेली माणसं एकाएकी माणसांसमोर उभी राहतात. पाठीशी भलं मोठं पोस्टर: वर समीकरणं, मध्ये आलेख आणि पार तळाशी, सातवीतल्या पोराच्या बरोबर डोळ्यांसमोर, अनुदान देणाऱ्यांची बोधचिन्हं. पोरगं तीच मन लावून वाचतं. शास्त्रज्ञ मुंजीतल्या बटूसारखा अवघडलेला. सगळे आपल्यासाठी जमलेत हे कळतं, पण आपण नेमकं काय करायचं ते उमगत नाही. त्याच्यासाठी हल्ली कार्यशाळाही होतात. ‘तुमचा श्रोता कोण?’ असं विचारतात, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर डकवायला लावतात. संध्याकाळपर्यंत पंख्याच्या वाऱ्यानं श्रोते गळून पडतात.

मला मात्र या कामासाठी पोस्टखात्याच्या पोस्टकार्डाइतकी देखणी वस्तू कुणी घडवलेली दिसत नाही. व्याख्यानानंतर मुलं खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना स्वाक्षरीसाठी गराडा घालत. ते वहीत सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, सहीनिशी उत्तर पाठवीन, म्हणत. केवढी लबाड आणि केवढी मायाळू योजना! सहीच्या मोहापायी मुलाला आधी प्रश्न शोधणं भाग पडे. पण कार्डाची खरी करामत पलीकडच्या टोकाला. फ्रेड हॉईल यांच्या जोडीनं महास्फोटाच्या सिद्धांताशी आयुष्यभर वाद घालणाऱ्या माणसाला आता कुणा अनोळखी चिमुरड्याचं कुतूहल १४ बाय ९ सेंटीमीटरांत शमवायचं होतं, त्यातही पत्त्याचा वाटा वेगळा. शिवाय पाकीट नाही. म्हणजे उत्तर आधी पोस्टमन वाचणार, मग शेजारी, मग चष्मा शोधून आजोबा. मुलाच्या हाती पडेपर्यंत निम्मी आळी शहाणी व्हायची. समीकरणाआड दडायला जागाच नाही, आणि खाली सही, म्हणजे लिहिलं त्याला आपण जबाबदार.

नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेतच पुढे अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून मुलांसाठी भूमिती उभी केली. ती जोडायची तर भल्याभल्या विद्वानालाही फरशीवर मांडी घालावी लागते, आणि एकदा मांडी घातली की आवाज आपोआप उतरतो. असल्या उपायांवर माझा कार्यशाळेपेक्षा अधिक विश्वास आहे.

तेव्हा शास्त्रज्ञहो, यंदाचं पोस्टर छापायला टाकण्याआधी त्यातला मजकूर एका पोस्टकार्डावर बसतो का, तेवढं बघा. कार्ड ५० पैशांना मिळतं.